पदक पाठीवरून वाचा: युद्धोत्तर जर्मन बिल्ल्यांच्या पिना, बिजागऱ्या आणि हूक

जर्मन लष्करी बिल्ल्याचा फक्त दर्शनी फोटो पाहून भाव ठरवणारा माणूस हमखास फसतो. पोलादी साचा सांभाळला तर अनेक दशकं टिकतो. १९४१ मध्ये ज्या साच्यातून बिल्ला निघाला, त्याच साच्यातून पुढे तीस वर्षांनीही तसाच बिल्ला काढता येतो. मागची पिन, बिजागरी आणि हूक यांचं तसं नसतं. हा माल कारखान्यात त्या वेळी जो येत होता तो लावला जायचा. धातू बदलला, डाख (जोड झाळायचा मिश्रधातू) बदलला, पुरवठादार बदलला, की पाठ बदलायची. म्हणून समोरची बाजू नमुना सांगते आणि काळ पाठीवरून कळतो.

एक नियम मात्र पहिल्यापासून पक्का करा. पिनेवरून फक्त 'याच्या आधीचं नाही' एवढंच सिद्ध होतं. युद्धानंतरच्या घडणीचा हूक मूळ जोडासकट बसलेला असेल, तर तो बिल्ला युद्धकाळातला नाही. जुन्या पद्धतीची पिन दिसली म्हणून बिल्ला जुना ठरत नाही, कारण जुन्या पद्धतीची पिन आजही कुणीही बनवतो.

आधी दोन तारखा आणि एक शब्द

युद्ध संपल्यावर दोस्तराष्ट्रांच्या ताब्यातल्या जर्मनीत लष्करी पदकं लावायला बंदी होती. २६ जुलै १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत पदकं आणि मानचिन्हांविषयीचा कायदा झाला आणि दुसऱ्या महायुद्धातली पदकं पुन्हा लावायची मुभा मिळाली. अट एकच होती, नाझी चिन्ह काढलेलं हवं. त्या चिन्हाला जर्मनमध्ये 'हाकेनक्रॉइत्स' म्हणतात. आपल्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाशी घोटाळा नको म्हणून इथेही तोच शब्द वापरू.

नोव्हेंबर १९५५ मध्ये उभ्या राहिलेल्या बुंडेसवेअरमध्ये, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्यात, दुसरं महायुद्ध लढलेले बरेच अधिकारी होते. त्यांना आणि निवृत्त सैनिकांना हे नवे, चिन्ह काढलेले बिल्ले हवे होते. ल्यूडेनशाइड गावातल्या 'श्टाइनहाउअर उंड ल्यूक'सारख्या जुन्या पदककारांनी ते पुरवले. संग्राहक या मालाला 'सत्तावन्न' म्हणतात. इथेच नवशिक्याचा पहिला गोंधळ होतो. १९५७ हे नमुन्याचं वर्ष आहे, हातातल्या नगाचं नाही. हे बिल्ले पुढे कित्येक वर्षं बनत राहिले, तेव्हा 'सत्तावन्न' नमुन्याचा बिल्ला कितीतरी नंतरचाही असू शकतो.

मागच्या भागांची नावं

पाठीवर तीनच गोष्टी असतात: एका टोकाला बिजागरी, मधे पिन, दुसऱ्या टोकाला हूक. प्रत्येकीचे मोजके प्रकार आहेत.

बिजागरी कधी नळीची असते, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळलेल्या छोट्या नळ्यांतून आडवा कणा गेलेला, अगदी दाराच्या बिजागरीची लहान बहीण. कधी ती ठोकळ्याची असते, म्हणजे भरीव तुकड्याला मधे खाच पाडून पिन बसवलेली. कधी पत्रा नुसता घडी घालून वळवलेला असतो. जस्ताच्या बिल्ल्यांत चौथा प्रकार दिसतो: ओतकामातच खळगा ठेवलेला असतो, बिजागरी त्यात बसवून कडा ठोकून दाबलेल्या असतात.

पिन तीन तऱ्हांची. सुईपिन गोल, टोकाकडे निमुळती. पातीची पिन चपटी आणि रुंद. लोखंडी क्रॉस, म्हणजे जर्मनीचं शौर्यपदक, त्याच्या पहिल्या श्रेणीवर हीच नेहमी असते. आणि पन्हळी पिन, म्हणजे पत्र्याच्या पट्टीला लांबीभर खोबण दाबलेली. कौलांखालच्या पन्हळीचा आकार डोळ्यांसमोर आणा.

हूक म्हणजे इंग्रजी 'सी'च्या आकाराचा आकडा, गोल तारेचा किंवा चपट्या पट्टीचा. तो थेट पाठीला डाखलेला असतो, नाहीतर आधी एका छोट्या चकतीवर आणि मग चकती पाठीला. साडीच्या ब्रोचवर असतो तो फिरत्या टोपीचा सेफ्टी हूक मात्र युद्धकाळातल्या जर्मन लष्करी बिल्ल्यांवर नसायचा. ही घडण जगात त्याआधीपासून होती, पण या बिल्ल्यांवर ती आली युद्धानंतर. फुलपाखरी पकडीचे दोन खिळे, टाय-टॅकला असतात तसे, दिसले तर बुंडेसवेअरच्या काळातला किंवा त्याहून नवा माल समजा.

काही क्रॉसना पिनेऐवजी मळसूत्र आणि मागे गोल चकती असते, कुड्यांच्या फिरकीसारखी. ती युद्धकाळातही होती. त्यावरून काळ काढणं वेगळं काम आहे, इथे नको.

सामान

दहापट भिंग, साधं लोहचुंबक, डिजिटल कॅलिपर, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा दागिन्यांचा काटा, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, दाताची लाकडी काडी, सुती हातमोजे, आणि बाजूने प्रकाश टाकता येईल असा टेबल-लॅम्प. काडी लाकडीच घ्या. सुईने टोकरलं की ओरखडा तुमचा होतो आणि पुढचा माणूस तो जुना समजून वाचतो.

चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांपैकी काहीही बिल्ल्याला लावू नका. जोडाजवळचा कळंक आणि काळवंडलेपण हाच तर पुरावा आहे. पाठ एकदा घासून चकचकीत केली की बिल्ल्याची किंमत तर उतरतेच, पण काळ वाचण्याची सोयही जाते.

पायरी १: समोरची बाजू पाहून वाट निवडा

हाकेनक्रॉइत्स आहे की नाही ते पहा. नसेल तर 'सत्तावन्न' असण्याची शक्यता मोठी, पण नमुना ताडून घ्या. लोखंडी क्रॉसच्या मधोमध ओकच्या पानांची डहाळी आणि खालच्या भुजेवर १९३९ असेल तर तो सत्तावन्नचा नमुना. पायदळाच्या हल्ला-बिल्ल्यावर मूळ रूपात गरुड असतो. सत्तावन्नमध्ये गरुड आणि चिन्ह दोन्ही जाऊन पानांचं कडं आणि रायफल उरते.

जखमी सैनिकांच्या बिल्ल्यापाशी थांबा. त्यावर शिरस्त्राण आणि फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या तलवारी असतात, आणि हाकेनक्रॉइत्स नसलेला असा बिल्ला दोन काळांचा असू शकतो. हा बिल्ला कैसरच्या जर्मनीत मार्च १९१८ मध्ये सुरू झाला, तेव्हा चिन्हाचा प्रश्नच नव्हता. फरक शिरस्त्राणात आहे. १९१८च्या बिल्ल्यावर पहिल्या महायुद्धातलं जड शिरस्त्राण दिसतं, कानाच्या वर हवेच्या भोकांचे उंचवटे असलेलं. सत्तावन्नच्या बिल्ल्यावर दुसऱ्या महायुद्धातलं आटोपशीर शिरस्त्राण असतं. या एका फरकाकडे दुर्लक्ष झालं की पहिल्या महायुद्धाचा बिल्ला चाळीस वर्षांनी तरुण होतो.

हाकेनक्रॉइत्स असेल तर तीन शक्यता उरतात: युद्धकाळातला अस्सल, जुन्या पदककाराने युद्धानंतर काढलेला, किंवा आजची नक्कल. व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूव्हालसारख्या कारखान्यांचा युद्धानंतरचा माल बाजारात भरपूर आहे. या तिघांची वाटणी पाठच करते.

जर्मनीतले विक्रेते फोटोत चिन्हावर कागद किंवा पट्टी चिकटवतात. त्यात संशयास्पद काही नाही. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ मुळे तसं करावं लागतं. तुम्ही पाठीचा फोटो मागा, पिन उघडलेली आणि मिटलेली, दोन्ही.

पायरी २: धातू ओळखा, कारण जोड धातूवर ठरतो

ही पायरी टाळून लोक थेट पिनेकडे जातात आणि तिथेच चुकतात.

युद्धाच्या सुरुवातीला चांगले बिल्ले टॉम्बॅकचे असत, म्हणजे तांबं जास्त असलेल्या पितळेचे, किंवा जर्मन सिल्व्हरचे. युद्ध लांबलं तसं तांबं दुर्मिळ झालं आणि जस्त आलं. टॉम्बॅकची घनता साधारण ८.७, जस्ताची ७.१. घरच्या घरी मोजता येते. बिल्ला कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. बिल्ला दोऱ्याने असा सोडा की तो पूर्ण बुडेल पण तळाला किंवा भिंतीला टेकणार नाही. काट्यावर जो आकडा येईल तो बिल्ल्याचं घनफळ, घन सेंटिमीटरमध्ये. कोरडं वजन २८.५ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ४.० असेल तर घनता ७.१ येते, म्हणजे जस्त. पोकळ पाठीत हवेचा बुडबुडा अडकला तर घनता कमी येते, म्हणून बिल्ला तिरका करून सोडा. लोखंडी गाभ्याचा क्रॉस आणि लोखंडी पत्र्याचा काळा बिल्ला पाण्यात घालूच नका. तिथे लोहचुंबक पुरतं.

धातू कळल्यावर पुढचं सरळ होतं. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळतं. चांदीचा कठीण डाख वितळायला ६०० अंशांच्या वर उष्णता लागते. म्हणजे जस्ताच्या बिल्ल्यावर कठीण डाखाने बिजागरी बसवायला गेलात तर बिल्लाच वितळेल. त्यामुळे कारखान्यांनी मऊ कथील-शिशाचा डाख वापरला, खळग्यात ठोकून बसवलं, किंवा चकतीचा आधार घेतला. टॉम्बॅकवर ही अडचण नव्हती. उलट बाजूने पहा: टॉम्बॅकचा, उत्तम घडणीचा बिल्ला आणि त्यावर ढेकळासारखा मऊ डाख असेल, तर तो जोड मूळचा आहे का, हा प्रश्न उभा राहतो.

पायरी ३: पिन सोडा, जोड पहा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढी पायरी तरी वाचा. पिन कुठल्याही गल्लीतल्या सोनाराला बदलता येते. जोडाच्या खालची जमीन बदलणं अवघड.

बिल्ला पालथा धरा, लॅम्प बाजूने जवळजवळ आडवा ठेवा आणि भिंगातून बिजागरीचा पाया पहा. कारखान्यात बहुधा आधी डाख लागतो आणि नंतर मुलामा किंवा रंग चढतो. म्हणून मूळच्या जोडावर मुलामा डाखावरून अखंड वाहतो. पाठीवरचा रंग आणि डाखावरचा रंग एकाच वयाचा दिसतो. नंतर बसवलेल्या जोडात डाख मुलाम्याच्या वर बसतो. त्याच्याभोवती उष्णतेने भाजल्याचं कडं पडतं, निळसर, तपकिरी किंवा नुसतं फिकट, आणि त्या कड्यात मुलामा उडालेला असतो.

मग जुनी पाऊलखूण शोधा. पहिली बिजागरी निघाली असेल तर तिच्या जागी वेगळ्या रंगाचा चौकोन किंवा गोल उरतो. कधी नव्या बिजागरीच्या कडेबाहेर जुन्या डाखाची कडा डोकावते, कधी कानशीने सपाट केल्याच्या समांतर रेघा दिसतात. उदाहरण घ्या: पायदळाचा पोकळ पाठीचा बिल्ला, पाठ एकसारखी करडी, पण हुकाखाली नाण्याएवढा भाग पिवळट आणि हूक त्याच्या मधोमध नाही, एका बाजूला. म्हणजे आधी तिथे चकतीवरचा हूक होता आणि आताचा चकतीशिवाय लावला आहे. बिल्ला खोटा आहे असं यावरून म्हणता येत नाही. पण त्या हुकावरून काळ काढायचा नाही, आणि भाव दुरुस्त केलेल्या वस्तूचा.

आता अतिनील टॉर्च. खोली अंधारी करा. जोडाच्या कडेला निळसर-पांढरी चमक दिसली तर बहुतेक वेळा आधुनिक गोंद. सुपरग्लूची दुसरी खूण साध्या उजेडातच दिसते: जोडाभोवती भस्मासारखा पांढरा धुरकट थर. युद्धकाळात बिजागरी गोंदाने चिकटवत नसत. गोंद दिसला की दुरुस्ती किंवा नक्कल, तिसरं काही नाही.

पायरी ४: पिन

पन्हळी पिन सत्तावन्नच्या बिल्ल्यांवर इतकी नेहमीची आहे की ती दिसताच युद्धोत्तर मालाचा संशय घ्यावा. हाकेनक्रॉइत्स असलेल्या बिल्ल्यावर, मूळ जोडासकट पन्हळी पिन सापडली, तर 'जुन्या साच्यातून युद्धानंतर काढलेला' हा तर्क सर्वांत आधी तपासा. पण ती एकटी निकाल देत नाही. पायरी ३ आणि ५ तिच्या बाजूने बोलल्या पाहिजेत.

सुईपिनेचा सापळा उलटा आहे. युद्धकाळात ती सर्रास होती, म्हणून नक्कल करणारेही तीच लावतात. सुईपिन पाहून खूश होऊ नका.

लोखंडी क्रॉसच्या पहिल्या श्रेणीत आणखी एक भानगड आहे. पदककाराचा क्रमांक बऱ्याचदा क्रॉसच्या पाठीवर नसून पिनेच्या आतल्या बाजूला ठोकलेला असतो. 'एल/११' म्हणजे विल्हेल्म डॉयमर, 'एल/१६' म्हणजे श्टाइनहाउअर उंड ल्यूक, 'एल/५८' म्हणजे सूव्हाल, नुसता '४' म्हणजे पुन्हा श्टाइनहाउअर. पिन बदलली की क्रमांकही तिच्याबरोबर प्रवास करतो. मोडक्या पण क्रमांक असलेल्या क्रॉसची पिन काढून साध्या क्रॉसला बसवणं हा जुना धंदा आहे. शिवाय क्रमांकाचा ठसाही साच्यासारखाच कारखान्यात पडून राहणारी वस्तू. युद्धकाळातला क्रमांक नंतरच्या नगावर सापडणं अशक्य नाही. क्रमांकावरून फार तर घराणं कळतं.

कॅलिपरने पिनेची रुंदी तीन जागी मोजा: बिजागरीजवळ, मधे, टोकाजवळ. एकाच पदककाराचे दोन बिल्ले ताडताना हे आकडे फोटोपेक्षा कामाचे. लोहचुंबक लावून पिन पोलादी आहे का तेही लिहा. त्यावरून काळ कळत नाही, पण बिजागरीचा कणा पोलादी आणि पिन पितळी निघाली तर दोन वेगळ्या हातांची शंका घ्यायला जागा आहे.

पिन ताणून पाहू नका. बिजागरी धरणारे जस्ताचे ओतीव कान ठिसूळ असतात, अंगठ्याच्या एका जोरात तुटतात.

पायरी ५: हूक

फिरत्या टोपीचा हूक मूळ जोडासकट असेल तर युद्धकाळाचा प्रश्न तिथेच मिटला. सत्तावन्नमध्येही तो साध्या आकड्याहून नंतरचा असण्याकडे कल असतो. जुन्या पद्धतीचा तारेचा हूक आणि सुईपिन असलेला सत्तावन्न बिल्ला आधीच्या काळातला असू शकतो, पन्हळी पिन आणि फिरती टोपी असलेला नंतरचा. एवढ्यावर थांबा. पाठीवरून 'आधी' आणि 'नंतर' असा क्रम लावता येतो; '१९६३चा आहे' असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे पावती आहे का ते विचारा.

साध्या हुकाच्या आत भिंगाने पहा. खरोखर लावलेल्या बिल्ल्यात पिन रोज त्याच जागी घासते. हुकाच्या आतल्या वळणावर एक गुळगुळीत, उजळ पट्टा पडतो आणि पिनेच्या त्याच अंतरावर त्याचा जोडीदार पट्टा. दोन्ही जागा जुळल्या तर ही पिन आणि हा हूक बराच काळ एकत्र राहिले आहेत. पिनेवर घासल्याची खूण आहे पण ती हुकापर्यंत पोहोचत नाही, किंवा हूक आतून कोरा आहे आणि बिल्ल्याची समोरची बाजू मात्र झिजलेली, तर झीज कुणीतरी पॉलिशच्या चाकावर आणलेली आहे किंवा पाठ नंतरची आहे. कपाटात पडून राहिलेला न वापरलेला बिल्ला दोन्हीकडे कोरा असतो. तो दोष नाही, सुसंगती आहे.

पायरी ६: रिबनवर लटकणाऱ्या पदकांसाठी

इथे पिन रिबनच्या पट्टीवर असते आणि ती पट्टी कधीही बदलली जाते, म्हणून पिनेचं महत्त्व कमी. रिबनवर अतिनील प्रकाश टाका. कापडाला पांढरं दाखवणारी रसायनं युद्धानंतर सर्रास झाली. पांढरा किंवा फिका पट्टा निळसर पेटला तर धागा युद्धोत्तर असण्याची शक्यता मोठी. मात्र जुनी रिबन आजच्या डिटर्जंटमध्ये धुतली तरी ती पेटते. म्हणून पदक आणि रिबन यांचा हिशेब वेगवेगळा ठेवा.

चुका कुठे होतात

सर्वांत जास्त चुका होतात त्या फोटोमुळे. फोनचा फ्लॅश डाखावरचा उजेड सपाट करतो आणि भाजल्याचं कडं नाहीसं होतं. विक्रेत्याकडून खिडकीच्या उजेडातला, बाजूने काढलेला फोटो मागा. तो नाही म्हणाला तर तेवढं उत्तर पुरे.

दुसरी चूक म्हणजे एकाच खुणेवर निकाल. पन्हळी पिन, जस्त, क्रमांक, रिबनची चमक, प्रत्येक खूण वेगवेगळ्या कारणाने फसवू शकते. तीन खुणा एका दिशेने बोलल्या तर बोला.

तिसरी चूक महाग पडते: पहिलीच खरेदी लोखंडी क्रॉसची. त्याऐवजी चिन्ह काढलेला सत्तावन्नचा जखमी बिल्ला घ्या. साधारण ४४ बाय ३७ मिलिमीटरचा, तुलनेने स्वस्त आणि युद्धोत्तर असल्याबद्दल वाद नसलेला. त्याची पाठ तासभर भिंगाखाली ठेवा. युद्धानंतरचा डाख, पिन आणि हूक कसे दिसतात हे एकदा डोळ्यांत बसलं की हाकेनक्रॉइत्स असलेल्या बिल्ल्यावर तेच दिसल्यावर लगेच कळतं. इथे डोळा तयार करायला पुस्तकापेक्षा असा एक बिल्ला जास्त उपयोगी.

आपल्याकडच्या घरांतले बिल्ले

मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या मोहिमेतून परतलेल्या सैनिकांच्या ट्रंकेत एखादा जर्मन बिल्ला असणं नवल नाही. अशा वस्तूची पाठ तपासताना एक सोपी कसोटी आहे. आजोबांनी १९४५-४६ मध्ये आणलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या बिल्ल्यावर हाकेनक्रॉइत्स असणारच, फिरत्या टोपीचा हूक नसणार. मधोमध ओकची डहाळी आणि खाली १९३९ असलेला क्रॉस निघाला तर तो इटलीहून आलेला नाही. घरात तो नंतर कुणीतरी आणला. हे सांगताना जपून सांगा, घरची आठवण असते.

दुसरी गोष्ट आझाद हिंद पदकांची. सुभाषबाबूंनी जर्मनीत असताना सुरू केलेली ही पदकं व्हिएन्नाच्या सूव्हाल कारखान्यात बनली, आणि युद्धानंतरचेही नग बाजारात फिरतात. भारतीय खरेदीदाराच्या भावना इथे गुंतलेल्या असल्यामुळे भाव सर्वाधिक चढतो आणि पाठ सर्वांत कमी पाहिली जाते. त्यांतल्या ताऱ्याच्या आकाराच्या, पिन असलेल्या पदकांना वरच्या पायऱ्या, विशेषतः तिसरी, जशीच्या तशी लावा. 'नेताजींच्या सहकाऱ्याच्या घरातून' हे वाक्य जोडाचा पुरावा नव्हे.

ठेवण

मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात जस्त आणि लोखंड दोन्ही झपाट्याने खराब होतात. हवाबंद प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, जूनच्या आधी त्या बदला. डबा पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून निघणारा चिकट पदार्थ तांब्यावर हिरवा कळंक आणतो. सुंदर लाकडी पेटीचाही मोह नको, विशेषतः ओकच्या. लाकडातून निघणारी आम्लाची वाफ जस्त आणि शिशाचा डाख खाते, म्हणजे नेमका जोडच. पिन मिटलेली पण ताणाशिवाय असू द्या.

नोंद

प्रत्येक बिल्ल्याची नोंद तुमच्या निष्कर्षाआधी लिहा, नाहीतर निष्कर्षाला सोयीची तेवढीच निरीक्षणं कागदावर येतात. नमुना असा:

'पायदळ हल्ला-बिल्ला, हाकेनक्रॉइत्ससह. ६२.३ × ४६.८ मिमी, २६.४ ग्रॅम, घनता ७.१, जस्त. बिजागरी पत्र्याची घडी, मऊ डाख, मुलामा डाखावरून अखंड. पन्हळी पिन, पोलादी, रुंदी २.६ / २.४ / १.१ मिमी. हूक फिरत्या टोपीचा, पायाभोवती भाजल्याचं कडं नाही, जुनी पाऊलखूण नाही, अतिनील प्रकाशात चमक नाही. हुकातली आणि पिनेवरची झीज जुळते. क्रमांक नाही. पाठ एकसंध. युद्धोत्तर, जुन्या नमुन्यावरून काढलेला. विक्रेत्याचा दावा १९४२, मान्य नाही.'

पाठीचे दोन फोटो, पिन उघडी आणि मिटलेली, त्याच कागदाला लावा. विकताना हा कागद बिल्ल्याबरोबर द्या.